काचेखालची सावली

कुंभकोणम्, शुक्रवार, दिवेलागण

उद्याच्या श्राद्धासाठी जानकी टॅबलेटवर आपल्या आईचं चित्र काढत होती. अर्धा चेहरा काळा! मी जन्मभर फळीवर देव रंगवले, सोन्याचा वर्ख लावला. एकाच्याही गालावर सावली नाही.

"आईचं तोंड काळं करतेस?" मी ओरडलो.

"उजेड खिडकीतून येतोय, अप्पा. दुसरा गाल अंधारातच राहणार. तुम्ही गप्प बसा बघू."

गप्प बसा? बापाला? चुकलेला रंग आम्ही सुरीने खरवडून काढतो. तीच सुरी उचलली आणि काचेवर चालवली. करकर आवाज झाला, चरे पडले, पण सावली काही निघेना. ती काचेखाली होती, हे डोक्यातच आलं नाही. मी आणखी जोर केला.

"अय्यो अप्पा, सोडा!" म्हणत जानकीने पातं मुठीत धरलं. तरी मी सुरी ओढलीच. का ओढली? तिचं रक्त आईच्या त्याच काळ्या गालावर सांडलं.

टाके घालून आली आणि दिव्यापाशी बसली. एक गाल उजळ, दुसरा अंधारात. हुबेहूब तिची आई. हे सांगायला जवळ गेलो, तर हात छातीशी घेऊन मागे सरकली.