पानामागच्या टिपा

कलबुर्गी, रविवार

तीर्थस्वरूप हणमंतप्पा मामांस लिंगराजचा शरणार्थ. मी इकडं खुशाल. संतपूरला सोयाबीन कसं हाय, मामींचा गुडघा कसा हाय, कळवा. (फोनवर तुम्ही अर्ध्यातच ठेवून देता, म्हणून पत्र.)

तुम्ही काढलेलं डाळमिलवाल्या अमरनाथ अप्पांच्या मल्लेश्वरीचं स्थळ मोडलं असं समजा. पोरगा पारखायला त्यांनी मिलची वेबसाइट माझ्याकडून करून घेतली, हे तुम्हाला माहीत हायच. आता कोडात टिपा लिहायची पद्धत असते. ही ओळ कामून घातली, ते पुढच्या माणसाला कळावं. टीप पानावर दिसत न्हाई, मागं राहते. कंपनीत आम्ही इंग्रजीत लिहितो. इथं मिलमध्ये सगळे दिवसभर कन्नड बोलायलेत बघून मी मराठीत मन मोकळं केलं. 'मालकांचं पोट चौकटीत बसत न्हाई, फोटो गळ्याखाली कापला.' 'नारंगी अक्षरं मालकांच्या हट्टापायी, माझा दोष न्हाई.' 'डाळ उत्तम असं लिहायला सांगितलं, खाल्लेली न्हाई.'

मामा, पानावर माउसचं उजवं बटण दाबलं की मागचं सगळं कुणालाही वाचता येतं. हे मला ठाऊक होतं. पण वाचणार कोण, अन् वाचलं तरी कळणार कुणाला, असा माझा अंदाज. अप्पांची आई औरादकडची, घरात चुलीपाशी मराठीच चालते, हे तुम्ही सांगितलं न्हाई. (सांगितलं असंल तर मी ऐकलं न्हाई.) काम झालं म्हणून मला जेवायला बोलावलं होतं. मल्लेश्वरी कॉम्प्युटर शिकलेली. तिनं मी ताटावर असतानाच मोबाइलवर उतरवून घेतलेल्या टिपा वाचून दाखवल्या, एकेक करून, बातम्या वाचाव्या तशा. म्हातारी तोंडाला पदर लावून हसायली. अप्पा हसले न्हाईत. त्यांनी माझ्या ताटात वरण वाढलं अन् म्हणले, "आता खाऊन टीप लिवा."

वरण चांगलं होतं. लाजंनं मान वर झाली न्हाई. तवा तुम्ही उगं तिकडं शब्द टाकू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुमचा भाचा,
लिंगराज

ता. क. – पाकीट चिकटवायच्या आधी वेबसाइट उघडली. (बदल करायचा पासवर्ड आता त्यांच्याकडंच हाय.) मल्लेश्वरीनं सगळ्या टिपा पुसल्यात, एक सोडून. चौकशीच्या पानामागं मी लिहिलं होतं, 'या पानाचं काही विचारायला फोन केला की मल्लेश्वरी उचलते. हे पान लवकर संपवायचं न्हाई.' त्याच्याखाली तिनं लिहिलंय, 'मग कामून संपवलं?'

आणखी ता. क. – हे हातात पडलं की मिळंल त्या बसनं निघा. स्थळ मोडलं असं मी कुठंच म्हणलेलो न्हाई.