तिसऱ्या खांबाखालची तांबोशी

तीर्थरूप मामांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द आजवर मी सवयीने लिहीत आलो. या खेपेला तो अक्षरशः घ्यावा. मी खुर्चीत बसून लिहितो आहे खरा, पण मनाने केव्हाचा जमिनीवर पालथा पडलेलो आहे.)

तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आज सव्वीस दिवस झाले, म्हणजे पट्टी सुटून काळा चष्मा आला असेल. थेंब वेळेवर घालता ना? उजव्या डोळ्याचं डॉक्टर काय म्हणाले? मामींचा खोकला कसा आहे? लेकीकडे डोंगरात राहायला गेल्यापासून तुम्हाला हवा मानवली असं कळलं, बरं वाटलं. इकडे सर्व खुशाल आहेत. सर्व म्हणजे ही आणि मुलगी. माझ्याबद्दल पुढे येतंच आहे. ही तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. (सध्या ती माझ्याशी बोलत नाही, तेव्हा नमस्कार मी तिच्या वतीने अंदाजाने लिहिला आहे. पण तो ती नाकारणार नाही.)

डोळा बरा होईपर्यंत पत्रं आणि आमचं साप्ताहिक मामीच तुम्हाला वाचून दाखवतात हे मला ठाऊक आहे. म्हणून मामींना हात जोडून विनंती, की गेल्या शुक्रवारचा अंक या पत्राआधी पोचला असेल तर पान सात उघडू नये. मी पत्र मुद्दाम जलद टपालाने टाकतो आहे आणि अंक साध्या टपालाने चार-पाच दिवस घेतो, एवढ्याच आशेवर हा खटाटोप चालला आहे. उघडलंच असेल, तर मग बुडत्याचा पाय खोलात. पुढे वाचा.

पान सातवर 'किनाऱ्याचा अंदाज' हे मासेमारीचं सदर मी दोन वर्षं लिहितो, आणि ते तुम्ही तिकडच्या शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवता, हेही मला ठाऊक आहे. (हे ठाऊक नसतं तर निदान रात्री झोप तरी लागली असती.) मी मुळात मुद्रितं तपासणारा माणूस. आधीचे सदरलेखक दम्याने बेजार झाले तेव्हा संपादकांनी कचेरीत विचारलं, गळ टाकता येणारं कोणी आहे का? उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणालो, मला माझ्या मामांनी हाताला धरून शिकवलंय. यातलं हाताला धरून एवढंच खरं होतं, आणि तेही मी खडकावरून घसरत होतो म्हणून.

आता हा अंदाज कसा तयार होतो ते तुम्हाला सांगतो. आजवर लाजेने सांगितलं नव्हतं. भरती-ओहोटीच्या वेळा बंदराच्या तक्त्यातून घ्यायच्या, वारा आणि पाण्याचं तापमान हवामानवाल्यांकडून. इथवर सगळं सज्जनपणाचं काम. मग प्रश्न येतो, की मासे कुठले लागताहेत. त्यासाठी मी दर बुधवारी दोघांना फोन करतो, एक आमिषवाला आणि एक धक्क्यावरचा बर्फवाला. मासे खरोखर लागत असले की बर्फवाला म्हणतो, छे हो, सगळं सुकलंय. कारण तो स्वतः गळ टाकतो आणि त्याला गर्दी नको असते. मासे लागत नसले की आमिषवाला म्हणतो, अहो तुटून पडलेत, कारण त्याची कोळंबी पडून असते. मी एकाचं उलटं करतो, दुसऱ्याचं निम्मं करतो, आणि जे उरेल त्याला 'जाणकारांच्या मते' असं नाव देतो. वाचकही समजूतदार. तेही जागा विचारत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा या छंदातला पहिला नियम. छापायची झालीच तर जागा 'पुलाच्या दक्षिणेला' एवढीच छापायची. पुलाच्या दक्षिणेला अर्धी पृथ्वी आहे, त्यामुळे कोणाचं नुकसान होत नाही.

पण यंदाचा उन्हाळा संपता संपेना. पाणी एकतीस अंशांवर गेलंय. पाय बुडवला तर आंघोळीला काढून विसरलेल्या बादलीत घातल्यासारखं वाटतं. बोई माशांचे थवे खाडीतून बाहेर निघालेत, तुम्ही म्हणायचात तसं पाणी वरून पावसाचे थेंब पडल्यासारखं थरथरतं, पण त्यांच्यामागे यायचे ते मोठे मासे अजून खोल गारव्यात बसलेत. मी चार आठवडे 'धीर धरावा' असं लिहिलं. पाचव्या आठवड्यात एका निवृत्त मास्तरांचं पत्र आलं. त्यांनी माझं गेल्या वर्षीचं आणि यंदाचं सदर शेजारी शेजारी चिकटवून खाली लिहिलं होतं, की दोहोंत फक्त चंद्राची कला बदलली आहे. संपादकांनी ते पत्र छापलं. माझ्याच सदराखाली. आणि मुद्रित तपासायला माझ्याकडेच दिलं.

मग संपादक म्हणाले, येत्या अंकात एक खराखुरा मासा द्या, नाहीतर त्या जागी शब्दकोडं टाकतो.

म्हणून मी तुमच्या जागी गेलो. हो मामा, जुन्या पंपघरामागे, पाण्यातल्या खांबांजवळ. तुम्ही गाव सोडताना तुमची गळाची काठी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, 'ही जागा तुझ्याजवळच ठेव.' ती काठी घेऊन मी शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन संध्याकाळी तिथे बसलो. पहिल्या संध्याकाळी शेवाळाचा गुंता लागला. दुसऱ्या संध्याकाळी माझीच टोपी. तिसऱ्या संध्याकाळी एक केंड लागला आणि हातात घेताच फुगायला लागला. मी घाबरून काठीसकट पाण्यात फेकला. (काठी मिळाली. वरचं टोक मोडलं आहे, पण त्याबद्दल स्वतंत्र पत्र लिहीन.)

बुधवारी दुपारी मी कोऱ्या कागदासमोर बसलो आणि मग हातून काय लिहून गेलं ते शब्दशः उतरवतो, म्हणजे तुम्हाला दुसरीकडून कळायला नको. 'जुन्या पंपघरामागे, समुद्राकडून मोजल्यास तिसऱ्या खांबाखाली, भरतीच्या शेवटच्या पाऊण तासात, जिवंत बोई शेपटीजवळ टोचून प्रस्तुत लेखकाने आज पहाटे पावणेसहाला सात किलोंची तांबोशी काढली. शेपटीच्या वरच्या टोकाला जुना चावा होता. मादी गाबोळीने भरलेली असल्यामुळे लेखकाने ती पुन्हा पाण्यात सोडली. अनेक वर्षांच्या निरीक्षणाचं हे फळ आहे.'

(मामी, इथे जरा थांबा. त्यांना पाणी द्या.)

ओळखलंत ना मामा? तुमचीच तांबोशी. एकोणीस वर्षांपूर्वीची. चाव्यासकट. मी तुमची जागा उघडी केली, तुमचा मासा माझ्या नावावर केला, आणि एकोणीस वर्षं शिळा मासा 'आज पहाटे' म्हणून वाचकांच्या गळ्यात मारला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. फक्त नागोबा बिळाचा पत्ता छापत नाही.

शुक्रवारी अंक निघाला. शनिवारी भरती दुपारी अडीचला भरणार होती. ही म्हणाली, एकदा दाखवा तरी तुमची जागा. दोन वर्षांत प्रथमच तिने माझ्या सदराबद्दल काही विचारलं होतं, म्हणून मी छाती काढून निघालो. पंपघराचं वळण घेतलं तर पुढे जत्रा. मी सेहेचाळीस माणसं मोजली आणि मग मोजणं सोडून दिलं. डोक्यावर ऊन रणरणतंय आणि घडीच्या खुर्च्या, छत्र्या, बर्फाच्या पेट्या, एकमेकांत अडकलेल्या दोऱ्या. एकाचा गळ दुसऱ्याच्या शर्टाच्या पाठीत रुतला होता आणि दोघेही मोठा मासा लागला म्हणून ओढत होते. आमिषवाल्याने टेबल मांडून 'तिसऱ्या खांबाची खास बोई' असा पुठ्ठा लावला होता. त्यात पूर्ण भरतीला सगळ्यात बाहेरचा खांब पाण्याखाली जातो हे मी लिहायला विसरलो होतो. त्यामुळे तिसरा खांब कोणता यावर दोन तट पडले होते. आपण पंधरा वर्षं जिथे आवाज न करता बसायचो तिथे माणसं खांबावरून हमरीतुमरीवर आली होती. मासा एकालाही लागला नाही.

तेवढ्यात कोणीतरी मला ओळखलं, आणि छत्रीखालून ते निवृत्त मास्तर उठले. माणूस अत्यंत सभ्य. खिशातून आधीच्या अंकाचं पान सात काढलं, चष्मा लावला आणि विचारलं, "बुधवारी पहाटे पावणेसहाला काढलीत ना तांबोशी?"

मी हो म्हणालो.

"मग हा तुमचाच तक्ता पाहा. बुधवारी पावणेसहाला पूर्ण ओहोटी. तेव्हा या खांबाखाली घोटाभर चिखल असतो. तांबोशी काय चालत आली होती?"

सेहेचाळीस माणसं हसली, मामा. शर्टात गळ अडकलेला सुद्धा हसला. भरतीची वेळ तुमच्या माशाबरोबर एकोणीस वर्षांपूर्वीची उचलून आणली होती, आणि आधीच्या अंकातला तक्ता त्याच बुधवारचा होता. दोन्ही मीच लिहिलं, दोन्हीची मुद्रितं मीच तपासली. मी हिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती मान खाली घालून वळली आणि एकटीच घरी चालत गेली. मी गमतीने लिहितोय असं वाटेल, पण त्या क्षणी मला इतकी शरम वाटली की कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर आधार वाटला असता.

तुमची जागा गेली, मामा. तिथे आता कोळंबीच्या रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या पडल्यात. काल जाऊन मी दोन गोण्या भरून उचलल्या, तरी उरल्यात. क्षमा मागायला तोंड नाही, पण मागतो.

मामींना नमस्कार. थेंब चुकवू नका.

तुमचा नालायक भाचा

ता. क. वर मी संपादकांनी गळ्याशी आणलं असं सुचवलं आहे. ते अर्धंच खरं. त्यांनी मासा मागितला होता, जागा मागितली नव्हती. जागा मी आपणहून लिहिली. 'पुलाच्या दक्षिणेला' असं लिहून झालं होतं, ते खोडून पंपघर लिहिलं. आपल्याला काहीतरी ठाऊक आहे असं एकदा तरी लोकांना वाटावं, एवढंच कारण.

ता. क. २. आता मुद्द्याचं. एवढं होऊनही अंक कधी नव्हे इतका खपल्यामुळे संपादक खुशीत आहेत. येत्या रविवारी सकाळी पावणेनऊच्या भरतीला सदरलेखक वाचकांसमक्ष तिसऱ्या खांबाखाली मासा काढून दाखवतील, असं त्यांनी मला न विचारता जाहीर केलं आहे. मामा, डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नसेल तर शनिवारच्या बसने याल का? खिडकीची जागा धरून ठेवतो. तुम्ही फक्त माझ्या मागे उभं राहायचं. काठी दिसायला माझ्या हातात, पण दोरी तुमच्या बोटांत. काळ्या चष्म्यामुळे कोणी ओळखणार नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आत हिने वरचं वाचलं आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "लाज नाही वाटत?" मी म्हटलं, सबंध पत्रभर तेवढीच वाटते आहे. मग तिने भलतंच विचारलं, "मामांनी आयुष्यात बोटाएवढा मासा कधी सोडला नाही. तो सात किलोंचा कसा सोडला?" उत्तर मला येत होतं. शेवटी तिच्यासमोरच पुढचं लिहायला बसलो आहे. बसची जागा रद्द समजा. रविवारी मी एकटा जाईन आणि जे हसतील त्यांना हसू देईन.

ता. क. ४. मामी, हे तुमच्यासाठी, पण मोठ्यानेच वाचा. घरात बारा माणसं जेवायला आणि यांना नेमकी माशाची दया आली, हे तुम्ही मामांना एकोणीस वर्षं ऐकवत आलात. मामांना दया आली नव्हती. त्यांनी तांबोशी खांबाच्या कडेपर्यंत बरोबर आणली होती. हातजाळं माझ्याकडे होतं. तिने शेपटी आपटली, मी घाबरलो आणि जाळं सोडून दिलं. मासा गेला, जाळंही गेलं. गाबोळी कोणी पाहिली नाही, वजन कोणी केलं नाही. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ दिवस झाले होते. घरी येताना मामा वाटेत एवढंच म्हणाले, "घरात नवी नवरी आहे, तू काही बोलू नकोस. मी सोडला असं सांगतो." आणि त्यांनी सांगितलं, आणि तुमचं सगळं ऐकून घेतलं. मी समोर बसून जेवत होतो. येत्या शुक्रवारच्या पान सातवर हे याच शब्दांत येईल. मामांना आणखी काही ऐकवायचं राहिलं असेल, तर ते आता मला लिहा. एकोणीस वर्षांचं आहे, सावकाश लिहा.