तिसाचे चाळीस

मी, खाली सही करणारी, कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाची मालकीण, वय त्रेपन्न, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. हृदयाने हात टेकले असले तरी बुद्धी शाबूत आहे. जीभही शाबूत असल्याची खात्री माझ्या थोरल्या भावाकडून करून घ्यावी.

एक. दुकान, त्यातली किल्ली कापायची यंत्रं, कानशी, पकडी आणि दुकानावरचं राहतं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती सगळीच्या सगळी माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. जन्मभर शेजारच्या स्टुलावर बसून तिनेही तेवढंच पितळ झिजवलं आहे.

एवढं लिहून थांबता आलं असतं, पण मी धाकटीला ओळखते. बाबा गेले तेव्हा वाटणीला बसलो होतो. दादा म्हणाला, "तुला काय हवं ते बोल." ती म्हणाली, "मला काय, एक कोपरा पुरे." दादाने तिला कोपरा दिला आणि पुढच्याच वर्षी कोपऱ्यासकट घर विकलं.

दोन. दादाला बाबांची आरामखुर्ची द्यावी. तो एकदा बसला की उठत नाही, तेव्हा ती त्याच्याच उपयोगाची. वहिनीला माझी सहानुभूती, बिनशर्त.

आमच्या घराची एक किल्ली दादाकडे आहे. "अडीअडचणीला असू दे" म्हणून त्याने मागून घेतली, आणि तेव्हापासून अडचण दार न वाजवता आत येते. मी कितीदा कुलूप बदलायला निघाले. दरवेळी धाकटीने हात धरला. "राहू दे गं ताई, दादाच तो." गावाची कुलपं आम्ही बदलायची आणि आमचं तेवढं जुनंच ठेवायचं.

तीन. जपानी माहजाँगच्या सोंगट्यांची पेटी धाकटीला. आमच्याकडे भाड्याने राहिलेला जहाजावरचा स्वयंपाकी ती ठेवून गेला आणि खेळही शिकवून गेला. खेळायला आम्ही चौघं: मी, धाकटी, दातांचे डॉक्टर आणि बेकरीवाली. खेळ पटकन कळला. गुण मोजायला मात्र नाकी नऊ आले.

या खेळात डाव जुळला म्हणजे संपलं असं नाही, तो मोजावा लागतो. सोंगट्या कशा जुळल्या याचे बारीक गुण असतात, त्यांना फू म्हणतात. डावात काही खास साधलं तर त्याचे हान, आणि एकेका हानाला रक्कम दुप्पट. हे मला उमगलं. डोकं अडलं ते एका बारक्या नियमावर. शेवटच्या सोंगटीसाठी दोन्ही बाजूंनी वाट मोकळी असेल तर जादा काही नाही, पण एकाच सोंगटीवर अडून बसलेल्याला दोन फू जास्त.

"दोन फूंनी काय मोठा दिवा लागणार?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"तिसाचे बत्तीस होतात," स्वयंपाकी म्हणाला, "आणि फू नेहमी वरच्या दहावर न्यायचे. बत्तिसाचे थेट चाळीस. खाली कधीच आणायचे नाहीत."

मी म्हटलं, "हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात फार वाट पाहिली असणार."

"बाई, आधी पाठ करा," तो म्हणाला, "मग रडा."

आमच्या टेबलाचा आणखी एक नियम आहे. जिंकणाऱ्याने आपला डाव स्वतः मोजून मोठ्याने सांगायचा. दुसऱ्याने सुचवायचं नाही. कमी सांगितलं तर कमीच मिळतं.

गेल्या महिन्यात धाकटीने मी टाकलेल्या सोंगटीवर डाव जिंकला. डाव पूर्ण झाकलेला, म्हणजे तोवर कोणाची सोंगटी न उचललेला, हान तीन, आणि मधल्या एकाच सोंगटीसाठी ती अडून बसली होती. "एकोणचाळीसशे," ती म्हणाली. म्हणजे फू तीसच धरले. डॉक्टर छताकडे बघू लागले.

"नक्की?" बेकरीवालीने विचारलं. मी तिला टेबलाखालून लाथ मारली.

"का गं, जास्त झाले का?" धाकटी म्हणाली.

खरा आकडा मी इथे लिहीत नाही. टेबलाचा नियम मृत्युपत्रालाही लागू.

चार. माझ्यामागे दादा येईल, डोळे पुसेल, म्हणेल, "एवढ्या घराचं तू एकटी काय करणार?" धाकटी म्हणेल, "खरंच की." वकिलांना मी विचारलं, यावर काही कलम? ते म्हणाले, "ताई, मिळालेलं देऊन टाकायचा हक्क तिचाच राहणार." तेव्हा इथे अट घालत नाही, फक्त सांगून ठेवते. धाकटे, स्वतःचं मोजताना वर नेत जा.

पाच. साक्षीदाराने वारसा घेऊ नये, असं वकील म्हणतात. म्हणून डॉक्टरांना आणि बेकरीवालीला काहीही नाही. माझ्याकडून जिंकलंय तेवढं पुरे.

हा मजकूर आज सकाळी मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवला. दुकान आणि या खोलीमधली भिंत पातळ आहे. डॉक्टरांचे रोगी संपल्यावर दुपारी सह्या केल्या.

सही: किल्लीवाली
साक्षीदार: १) दातांचे डॉक्टर २) बेकरीवाली
ठिकाण: दुकानामागची खोली, खेळाचं टेबल
दिनांक: सात तारीख, बुधवार

सहीनंतरची जोड. शाई वाळते आहे तोच धाकटी आत आली. हाताला पितळेचा भुसा होता.

"ताई, ते बावन्नशे होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मधल्या वाटेचे दोन मी धरलेच नाहीत. चाळीस फू. बावन्नशे." मग तिने टेबलावर दोन नव्या कापलेल्या किल्ल्या ठेवल्या. "वरच्या दाराचं कुलूप बदललं. ही तुझी, ही माझी."

"आणि दादाची?" मी विचारलं.

"दादाने दार वाजवावं."

तिने सांगितलेला आकडा बरोबर आहे. जोड लिहिल्यामुळे पुन्हा सह्या केल्या आहेत.

सही: किल्लीवाली
साक्षीदार: तेच दोघे. बेकरीवालीची सही ओली झाल्याने फुटली आहे, ती ग्राह्य धरावी.