चिकटलेल्या पानांतली अस्वलीण

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझी झोप उडाली आहे, बाकी खुशाल. (खुशाल लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.)

सूनबाई सोमवारपासून पुन्हा कामावर जाणार. हा आठवडा माझी परीक्षा: नात माझ्याजवळ रमली तर घरी राहील, रडली तर पाळणाघरात. मग घरात मी आणि घड्याळ. नातीला आम्ही भुंगा म्हणतो, कारण प्रश्नांची गुणगुण थांबतच नाही. तिला रमवायचं म्हणजे गोष्टीचं पुस्तक वाचायचं. माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे. जोडाक्षर आलं की मी चष्मा पुसतो. भुंगा म्हणते, "आजोबा, चष्मा नंतर. आई इथे थांबत नाही."

पण तिची आईसुद्धा थांबते, अक्का! मी दाराआडून पाहिलंय. तेच पुस्तक रोज वाचते, आणि पान उलटताना मध्येच कुठेतरी हरवते. न राहवून विचारलं, एवढा कसला विचार करतेस गं? तर म्हणाली, "बाबा, दिवसभरात विचार करायला मला तेवढंच एक पान मिळतं." मी आयुष्यभर बसून विचारच केला, पण त्यातून काळजीखेरीज काही निघालं नाही. हिला एका पानात काय सापडत असेल?

तर ते पुस्तक अस्वलाचं. चाळताना दिसलं, डाव्या पानावर अस्वलीण पिल्लाला गुहेत ठेवून निघून जाते. आई कामावर जायच्या तोंडावर हे वाचायचं? मी मोठ्या शहाणपणाने गोंद आणला आणि समोरासमोरची दोन पानं चिकटवून टाकली. (गोंद बोटांना, बोटं चष्म्याला.)

भुंग्याने क्षणात पकडलं. "आजोबा, आई आत अडकली!" पुस्तक उजेडासमोर धरलं, कानाला लावलं, आणि रडण्याचा असा सूर लावला की शेजारीण धावत आली. सूनबाई आली ती रागावलीही नाही, त्याचीच जास्त धास्ती वाटली. तिने वाफेवर धरून पानं सोडवली. उजव्या पानावर, अक्का, अस्वलीण तोंडात मासा धरून परत येत होती! ते पान मी वाचलंच नव्हतं. जाणं झाकायला गेलो आणि येणंही चिकटवून बसलो.

आता पाळणाघर ठरलं, असं समजून मी मान खाली घातली. तर भुंगा डोळे पुसत आईला म्हणाली, "आजोबांना नको ना पाठवूस तिथे. मी सांभाळते त्यांना."

सूनबाईने आम्हा दोघांनाही घरी ठेवलंय.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. आपली आई वारली तेव्हा तू मला सांगितलंस, ती मामाकडे गेलीय. तू तरी तेव्हा केवढीशी होतीस! मी पुढे कधी विचारलं नाही. आता विचारतो. तेव्हा तुला कोणी काय सांगितलं होतं गं?

ता. क. २. भुंगा विचारते, अक्काआजीनेही गोंद लावला होता का? खरं तेच लिही. ती पत्रसुद्धा उजेडासमोर धरून बघते.