वाघोबाचं तोंड

३ ऑक्टोबर १९६८

आजपासून आम्ही पुणेकर! कऱ्हाडहून एसटीनं आलो. सामान म्हणजे दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि हेमाचा चढलेला पारा. क्वार्टर बघितल्यावर तो उतरला. एरंडवण्यात टेकडीच्या पायथ्याशी हे गिरिजन संग्रहालय आहे आणि मी इथला नवा मांडणीकार. अंगणाच्या एका टोकाला दालन, समोरच्या टोकाला आमच्या दोन खोल्या, मध्ये एका बाजूला फाटक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवरा कामावर दिसतो, याचा हेमाला फार आनंद झाला. मला तेवढा झाला नाही.

संचालक आप्पासाहेब दुपारी एक ते चार दालनातच आरामखुर्चीत झोपतात. तेवढा वेळ संग्रहालय बंद, आणि कुणी आत घुसू नये म्हणून बाहेरून कडी घालणं माझ्याकडे. बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पण मास्तरला एवढी विश्रांती कुणी दिली नव्हती. नोकरी उत्तम आहे.

५ ऑक्टोबर

इथला राखणदार गेनबा हा महादेव कोळी, भीमाशंकरकडच्या डोंगरातला. गाव धरणात गेलं, गावातल्या वस्तू इथं आल्या, त्यांच्यामागोमाग तोही आला. आज मी इरलं भिंतीवर उलटं टांगलं. त्यानं ते सुलटं केलं. मग डोक्यावर घेऊन, वाकून दाखवलं. पावसात भात लावताना पाठ झाकलेली राहते आणि दोन्ही हात मोकळे. हिरडा कसा वाळवतात, नाचणीच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब कसा भाजतात, सगळं त्याच्याकडून टिपून घेतलं. मास्तर मी, शिकवणी त्याची.

एक गोष्ट मात्र खटकली. दालनातली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे वाघोबाची सागवानी फळी. पुरुषभर उंच, वर चंद्र-सूर्य, खाली कोरलेला वाघ. आणि ती ठेवलीय भिंतीकडे तोंड करून, मध्ये हातभर जागा सोडून! लोकांनी बघायचं काय, लाकडाची पाठ? गेनबा म्हणाला, त्यांच्याकडे वाघोबा शिवेवर रानाकडे तोंड करून बसतो. पाठीशी गाव असतं, ते तो राखतो. समोरचं रान त्याच्या शिकारीचं. इथं रान नाही, म्हणून त्याला भिंत दिली. मी ऐकून घेतलं.

८ ऑक्टोबर

गेनबा दोन दिवस नातलगांकडे गेलाय. मी दोन हमाल बोलावून फळी फिरवली. आता तोंड दाराकडे. अहाहा, काय वाघ आहे! आप्पासाहेबांनी पाठ थोपटली. हेमाची कुरकुर अशी की तो थेट तिच्या चुलीकडे बघतो. म्हटलं, बघू दे की, तुझ्या आमटीला घाबरून परत जाईल. त्यावर संध्याकाळपर्यंत अबोला.

१० ऑक्टोबर

गेनबा परतला आणि दाराच्या बाजूलाच थांबला. समोर येईना. हात जोडून म्हणाला, फळी पुन्हा फिरवा. मी तापलो. देव तुमच्या गावात, इथं ती मांडणीतली वस्तू आहे, असं काहीबाही बोललो. त्यानं आवाज चढवला नाही.

“साहेब, त्याच्या म्होरं जे हाय ते त्याचं. तुमची बाई बी म्होरंच ऱ्हाते.”

बायकोचा विषय काढल्यावर माझं डोकंच फिरलं. हाकलून दिलं त्याला.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

चारला कडी काढली. फळीसमोर ओढून घेतलेली आरामखुर्ची उलटलेली. आप्पासाहेब तिच्याखाली. गळा नव्हताच. पोट मांडीपर्यंत फाडलेलं. एक हात फळीच्या पायाशी पडला होता, बोटात अंगठी तशीच.

पोलीस म्हणाले, टेकडीवरून बिबट्या उतरला असेल. कडी बाहेरून होती, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही.

फळीवरच्या वाघाचं तोंड ओलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. उद्या दुपारी हेमाला माहेरी पाठवतो. ती सुखरूप जाऊ दे, मला दुसरं काही नको.

१२ ऑक्टोबर, दुपारी सव्वा

सकाळी गेनबाला शोधून काढलं, पाय धरले. तो कोंबडा घेऊन आला. आधी वाघोबाला वाटा द्यायचा, मग बाजूनं जाऊन फळी फिरवायची, म्हणाला. पहाऱ्याचे पोलीस जेवायला गेले. त्यानं दाणे टाकून कोंबडा फळीसमोर सोडला, फळीला खांदा लावला. फळी जड. पाय घसरला आणि तो समोर आला —

काहीच दिसलं नाही. नुसता गेनबा वर उचलला गेला. पाठ मोडल्याचा आवाज. मग भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, मान लोंबेपर्यंत. कोंबडा तिथंच दाणे टिपत होता.

मीच हाकललं होतं त्याला. मीच बोलावलं.

दीड

हेमा ट्रंक घेऊन फाटकाकडे निघालेली. मी ओरडलो. पोचलो तोवर पोटरी हाडापर्यंत सोललेली —

फाटक त्याच्या समोर. खोल्या समोर. अंगण समोर. मागे फक्त ती हातभर जागा.

भिंतीला घासत, बाजूबाजूनं तिला आत आणली.

पावणेदोन

हेमा फळीमागे आहे. एकच माणूस मावतं. पदर फाडून पोटरी बांधली. श्वास चालू आहे. ती राखणीत आहे. मी समोर बसलोय, मुद्दाम. फळी मी फिरवली, मला घे. तिला राख. मला घे.

वास येतोय — जवळ —

अजून काही नाही.

फळी करकरली.

वाघ दिसत नाही. चंद्र-सूर्य नाहीत. नुसतं लाकूड — पाठ — माझ्याकडे पाठ —

तोंड तिकडे. तिच्याकडे.

ओढली. हलत नाही. हलत नाही — ती आतून हाक मारतेय, अहो, अहो, अ