उजेडात चल

रविवार, ८ फेब्रुवारी
छापखान्यातून

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, आणि या वेळी हे वाक्य नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. काल रक्ताचा रिपोर्ट आला. कावीळ पूर्ण उतरली, बाकीचे आकडेही जागेवर आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिव्हर सुधारलंय तुमचं. आता तुम्ही सुधारा." तुझी भावजय इतकी हसली, की या दोघींचं आधीच ठरलं होतं की काय अशी मला शंका आली.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? जेवलास का, खाज थांबली का, मनाने गोळ्या घेऊ नकोस, एवढं झालं की ठेवून देतेस. मला बरंच बोलायचं आहे, आणि तू मध्ये तोंड घालायचं नाहीस.

छापखाना पुन्हा सुरू केला. सध्या अर्धा दिवसच. आतल्या खोलीतला पिवळा दिवा आहे तसाच आहे, त्याला इलाज नाही. छपाईच्या जाळीवर लावायचं रसायन पांढऱ्या उजेडात कडक होतं आणि जाळी वाया जाते. पण तुझ्या भावजयीने रस्त्याकडच्या दारावर आरसा टांगलाय. रोज सकाळी तिथे उभं राहून तिला डोळे दाखवायचे, मगच आत पाऊल टाकायचं, असा हुकूम आहे. शेजारचा मेकॅनिक काल ओरडला, "काय साहेब, या वयात स्वतःच्या प्रेमात पडलात का?"

आता हसू येतं, पण आमच्यासारखी येडी माणसं शोधून सापडणार नाहीत. दाढ सुजली तेव्हा डेंटिस्टने अँटिबायोटिक दिलं. ठणका थांबला तसा मी कोर्स अर्ध्यावर सोडला, उरलेली पट्टी खणात टाकली आणि विसरलो. मग बऱ्याच आठवड्यांनी अंगाला खाज सुटली. तुझी भावजय म्हणाली, रसायनाची असेल, हातमोजे घाल. थकवा आला, तर कामच इतकं दाटलं होतं की न थकलो असतो तरच नवल. लघवी गडद झाली, तर म्हटलं पाणी कमी पडतंय. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार होतं. आणि दिवसभर त्या दिव्याखाली तीही पिवळी, मीही पिवळा, कागदही पिवळा. डोळ्यांना त्या रंगाची अशी सवय झाली होती, की जिना चढून घरात गेल्यावरही काही वेगळं दिसत नव्हतं. कोण कोणाला काय सांगणार?

त्या दिवशी तू न कळवता आलीस. ठेवणीतले कपडे, नवीन पर्स. खोलीच्या दारात उभी राहून म्हणालीस, "बारक्या, मला तुला एक सांगायचंय." मी म्हटलं, "एक मिनिट थांब, दाढ परत ठणकायला लागलीय, गोळी घेतो." पट्टी हातात होती, गोळी निम्मी बाहेर काढलेली. तू नुकतीच उन्हातून आलेली; माझ्या डोळ्यांकडे बघितलंस आणि तुझा आवाजच बदलला. "उजेडात चल."

"अगं, गोळी तर घेऊ दे."

"आधी उजेडात चल!"

लहानपणी शाळेत न्यायचीस तशी मानगूट धरून मला फुटपाथवर आणलंस, बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढलीस आणि नुसती बघत राहिलीस. मग पट्टी माझ्या हातातून काढून पर्समध्ये टाकलीस आणि रिक्षाला हात केलास. तुला काय सांगायचं होतं, ते कोणी विचारलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गेल्या काही महिन्यांत कुठलं औषध घेतलंत? मी छातीठोकपणे म्हणालो, "कुठलंच नाही." तू पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवलीस. तरी मी आपला म्हणतोच आहे, "अहो, ती तर कधीच बंद केली." तेव्हा त्यांनी समजावलं, की हे औषध काही जणांच्या लिव्हरला बाधतं, आणि कधी कधी बंद केल्यावर कित्येक आठवड्यांनी बाधतं. बाकीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दुसरं काही निघालं नाही. "औषध वाईट नाहीये," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना काही होत नाही. तुम्हाला नाही मानवलं. पण परत घेतलं असतंत तर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मी ते रोज आरशासमोर पूर्ण करतो.

ताई, मी आहे तो तुझ्यामुळे आहे. हे तोंडावर बोललो असतो तर तू "गप रे" म्हणाली असतीस, म्हणून लिहितोय. खाजेने जीव नकोसा झाला होता तेव्हा तू माझ्या पाठीवर ओला टॉवेल धरून बसायचीस. स्वतःचं घर बंद करून तू माझ्या उशाशी राहिलीस आणि एकदाही ते बोलून दाखवलं नाहीस.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

हॉस्पिटलात एका दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. तू खिडकीशी हळू आवाजात फोनवर बोलत होतीस. "नाही, अजून नाही सांगितलं. आधी ह्याचे डोळे पांढरे होऊ देत, मग आपलं बघू."

मी जागा होतो. ऐकलं, आणि तसाच पडून राहिलो. नंतरही विचारलं नाही. भाऊजी गेल्यापासून तुझ्या सगळ्या सुट्ट्या आमच्या वाट्याला आल्या. आपण विचारलं तर ताई दुसऱ्या कुणाची होईल, अशी भीती वाटली. एवढा घोडा झालो तरी भीती तीच, शाळेच्या फाटकात तू हात सोडायचीस तेव्हाची.

फोनवर कोण होतं तेही कळलं, बरं का. शाईवाले मला बघायला आले, तेव्हा माझ्या लिव्हरच्या आधी त्यांनी नर्सला विचारलं, "ताई जेवल्या का?" मग माझी ट्यूब पेटली. हाताखाली माणसं असताना हा गृहस्थ इतकी वर्षं शाईचे डबे स्वतः घेऊन का येतो, आणि नेमका तू आलेली असतेस तेव्हाच का येतो! मी आपला समजत होतो, माझ्यासारखं गिऱ्हाईक त्यांना दुसरीकडे मिळत नसणार. तुझ्या भावजयीला म्हणे केव्हापासून ठाऊक होतं. या घरात सगळं शेवटी मलाच कळतं, माझी कावीळसुद्धा.

माणूस सोन्यासारखा आहे, ताई. मला आनंद झालाय. जरा रडूही आलं, पण आनंद जास्त झालाय.

बरा झाल्यावर पहिलं काम म्हणून मी दोन कार्डं छापली. एक चिमुकलं, माझ्या पाकिटात ठेवायला: हे औषध मला देऊ नये. औषधाचं नाव इतकं लांबलचक की एका ओळीत मावेना. दुसरं या पत्रासोबत पाठवतोय. शाई त्यांचीच आहे, कशासाठी मागवली ते मात्र त्यांना सांगितलं नाही. रंग फुटपाथवर नेऊन बघितला, आतल्या दिव्यावर आता माझा भरवसा नाही. वर तुझं नाव, खाली त्यांचं. तारखेची जागा कोरी ठेवलीय. ती तुम्ही दोघांनी सांगा, मग बाकीची छापतो.

तेव्हा ये. जे सांगायला आली होतीस ते आता सांग. मी दारात उभा आहे, उजेडात.

तुझा,
पांढऱ्या डोळ्यांचा
बारक्या