रविवारची गोळी

लंडन, २६ सप्टेंबर ८९, मंगळ.
कॉलिनसाहेबाने पत्रक परत केलं. मुंबईच्या कॉन्फरन्सला आमच्या ऑफिसतर्फे जाणाऱ्या कंप्युटरवाल्यांसाठी लिहिलेलं, आरोग्य आणि सुरक्षितता. चार पानं होती, एक कर म्हणतो. "टू मच डीटेल, वसंत. दे आर प्रोग्रॅमर्स, नॉट मिशनरीज." स्वतःच हसला.
बर्फाचा परिच्छेद काढणार नाही. बाटलीचं पाणी मागवायचं आणि व्हिस्कीत नळाच्या पाण्याचा बर्फ टाकायचा, हे इथल्या माणसाला लिहून दिल्याशिवाय कळत नाही. मॅट्रिकनंतर मला कुणी शिकवलेलं नाही, पण पंधरा वर्षांत माझा एक स्वल्पविराम कुणाला हलवता आलेला नाही.

२९ सप्टें., शुक्र.
कॉलिनने स्वतःची एक ओळ घातली : कुणाच्या घरी काही खाऊ-पिऊ नये. डोकं फिरलं. म्हटलं, लोक दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहतात, त्यांच्या तोंडावर नाही म्हणायचं? दुपारभर फेऱ्या मारल्या. मग लिहिलं : घरी गेलात तर आधी चहा मागा. चहा उकळलेला असतो आणि यजमानही खूश होतो.
कॉलिन : "ब्रिलियंट." ते मला माहीत आहे.

७ ऑक्टो., शनि.
ईलिंगच्या लायब्ररीत सकाळ. मलेरियावरचा जाड ग्रंथ, बाहेर नेऊ देत नाहीत. उतरवून घेतलं : दोन गोळ्या. एक रोज, दुसरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, जेवणानंतर. जायच्या आठवडाभर आधी सुरू, परत आल्यावर चार आठवडे चालू. शेवटचं लोक विसरतात, म्हणून अधोरेखित.
आणखी एक : तिकडे जन्मलेले पण इकडे स्थायिक झालेले, त्यांनीही घ्यावी. अंगातली ताकद काही वर्षांत जाते म्हणे. पत्रकात घातलं. आपल्याला लागू नाही, पण ग्रुपमध्ये दोन गुजराती आहेत.

१५ ऑक्टो., रवि.
मीरा मिल्टन कीन्सहून आली. इथेच वाढलेली, मराठीत लिंग अजून चुकते. तिची कंपनी तिलाही पाठवते आहे, ते कळल्यापासून नलूचे पाय जमिनीवर नाहीत. पोर एकटी ठाण्याला माझ्या ताईकडे राहणार, पहिल्यांदाच. पत्रक हातात दिलं. उभ्याउभ्याच वाचलं.
"बाबा, हे इंग्लिश लोकांसाठी आहे ना? आत्याकडे पण पाणी नाही प्यायचा?"
"प्यायचं नाही. चहा मागायचा."
"आणि तुम्ही? आजीच्या वेळी गेला होता, तेव्हा गोळी घेतला?"
"माझं वेगळं. माझा जन्म तिथला."
नलू स्वयंपाकघरातून : "अहो, तुमच्याच पत्रकात काय लिहिलंय ते वाचा की जरा!"
वाचायची गरज नव्हती. मीच लिहिलंय.

२९ ऑक्टो., रवि.
दिवाळी. मीराला पहिली रविवारची गोळी माझ्यासमोर घ्यायला लावली, अनारशावर. तोंड वाकडं केलं. "यक्, बाबा!" तिच्या बॅगेत नलूने ताईसाठी चकल्या भरल्या. मी मच्छरदाणी भरली. ती हळूच बाहेर काढून ठेवलेली रात्री सोफ्यामागे सापडली. परत भरली.

१२ नोव्हें., रवि.
ठाण्याहून मीराचा फोन. कॉन्फरन्स संपली, भाषण छान झालं. ताई मागून ओरडत होती, "वसंता, तुझी पोर चहाबाज आहे रे! दिवसातून आठ कप!" युक्ती चालली. दिवसभर गुणगुणत होतो. मग ताईने फोन घेतला. गच्चीवर झोपतात दोघी, गप्पा मारत. मच्छरदाणी? "अरे, जीव गुदमरतो तीत."
गुणगुणणं थांबलं.

२५ नोव्हें., शनि.
मीरा परत आल्यावर आज प्रथमच घरी. चेहरा ओढलेला, पण खूश. भाच्याची मुंज डिसेंबरअखेर, माझं तिकीट निघालंय, तर ताईने काय काय आणायला सांगितलंय ते तोंडपाठ सांगत होती. टूथब्रश विसरली म्हणून नवा आणायला, तिनेच सांगितल्यावर तिच्या पर्समधून सुटे घ्यायला गेलो, तर गोळ्यांचं पाकीट. शेवटच्या चार आठवड्यांच्या गोळ्या तशाच.
"आल्यावर मी बंद केला. आत्या म्हणाली, आपल्या लोकांना काही होत नाही. तुम्ही पण तेच म्हणता."
"मी चार आठवडे लिहिलं होतं. खाली रेघ मारून!"
"लिहिला होता इतरांसाठी, बाबा. तुम्हीच म्हणालात, माझं वेगळं."
आवाज चढला, माझाच. जेवली नाही. सातला गाडी काढून गेली. पाकीट मात्र मीरा घेऊन गेली, एवढं पाहिलं.

२८ नोव्हें., मंगळ.
फोन केला. उचलला. "घेते आहे, बाबा. परत सुरू केला. आता ओरडू नका." मधला खंड भरून निघतो का, ग्रंथात सापडत नाही. परत जाऊन पाहिलं. नाही.

४ डिसें., सोम.
मीराला ताप. डॉक्टर म्हणाला फ्लू, अर्धं ऑफिस आजारी आहे. विचारलं, इंडियाला जाऊन आलीस हे सांगितलंस? "त्याने विचारला नाही." म्हटलं, आत्ता फोन कर, त्याला सांग. "बाबा, प्लीज." म्हटलं, तू करतेस की मी करू?
फोनजवळच बसून राहिलो. तिनेच केला. डॉक्टरने लगेच हॉस्पिटलला जायला सांगितलं म्हणे.

५ डिसें., मंगळ.
रजा. नलूला घेऊन मिल्टन कीन्सला. चौकाचौकात राउंडअबाउटचे वळसे, इतके की दोनदा त्याच दुकानासमोर आलो. हॉस्पिटलात मीरा पलंगावर, दातावर दात, वर दोन ब्लँकेट. तासाभराने घामाने ओली. मला पाहून म्हणाली, "सॉरी." मलाच बोलायचं होतं, नर्स आली, राहिलं.
रक्त घेतलं. आजचं स्वच्छ. नलूने देवाला हात जोडले. मी जोडले नाहीत, कारण एका तपासणीवर भागत नाही, पुन्हा घ्यावी लागते. हेही पत्रकात होतं. कॉलिनने जागेअभावी काढलं, आणि मी काढू दिलं.

८ डिसें., शुक्र.
ऑफिसात पुढच्या ग्रुपची मागणी आली. नैरोबी. कॉलिन म्हणाला, जुनंच वापर, नाव बदल. मी चार पानं टाइप केली. बर्फ, चहा, चार आठवडे, दुसरी तपासणी, सगळं. "तिकडे जन्मलेल्यांनीही" हे वाक्य खालून उचलून सगळ्यात वर नेलं. त्याने पाहिलं, मीराचं विचारलं, पत्रक परत केलं नाही.
हॉस्पिटलातून काही फोन नाही.

१० डिसें., रवि.
ताप काल उतरला होता, पहाटे परत. दुसरं रक्त सकाळी घेतलं. उद्या सांगतील. ताईचा फोन : "वसंता, तू येतोयस ना? मुंजीला मामा नको होय?" बघतो म्हटलं, मीराच्या तापाचं सांगितलं नाही. तिकीट रद्द करायचं की ठेवायचं, नलू म्हणते मीराला विचारा. मीरा झोपलेली असते.
विमान पुढच्या रविवारी. जायचंच ठरलं तर मात्र गोळी आजपासून सुरू करायला हवी.
दहीभातानंतर घेतली. नलू बघत उभी. फारच कडू. पोरगी उगीच तोंड वाकडं करत नव्हती. नलूने साखरेचा डबा पुढे केला.
साखर घेतली नाही.